ज्ञानदान आणि अभयदान : महामारीतील शाळा, पालक आणि शिक्षक

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



सुवर्णमहोत्सव हा आनंदाचा प्रसंग असतो, तसाच तो हिशेबाचाही असतो. पन्नास वर्षांत किती वर्गखोल्या उभ्या राहिल्या, किती शिष्यवृत्त्या दिल्या गेल्या, किती विद्यार्थी शिकून मार्गी लागले याची नोंद स्मरणिकेत यथोचित येतेच. परंतु कोणत्याही शिक्षणप्रेमी न्यासाच्या अलीकडच्या इतिहासात एक काळ असाही येऊन गेला की, जेव्हा इमारत होती, शिक्षक होते, विद्यार्थी होते, फळा आणि खडूही होता. नव्हते ते केवळ शाळेचे उघडे दार. मार्च २०२० ते फेब्रुवारी २०२२ हा तो काळ. त्या काळात दार केव्हा उघडावे, या एका प्रश्नावर ज्यांनी एकमेकांचा हात धरून चालायचे ते पालक आणि शिक्षक एकमेकांसमोर उभे ठाकले. तो वाद आज शमला आहे. वाद शमल्यानंतरच त्याचा शांतपणे विचार करता येतो; आणि विचार न करता तो विसरला गेला, तर पुढच्या संकटात तीच भांडणे पुन्हा होतील. म्हणून या मंगल प्रसंगी हा विषय.

घटनाक्रम

प्रथम घटनांचा क्रम ध्यानी घेणे आवश्यक आहे, कारण स्मृती फार लवकर पुसट होतात.

मार्च २०२० च्या मध्यास महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. दहावीच्या परीक्षेतील शेवटचा, भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला गेला आणि नंतर रद्दच झाला. जून उजाडला, पण घंटा वाजली नाही. शिक्षण घरी आले. म्हणजे भ्रमणध्वनीच्या चार बोटांच्या पडद्यावर आले. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग भरविण्यास परवानगी मिळाली. मुंबई, पुणे, ठाणे अशा शहरांत मात्र कुलूप तसेच राहिले. २७ जानेवारी २०२१ रोजी मुंबई वगळता अनेक ठिकाणी पाचवी ते आठवीचे वर्ग उघडले. महिनाभर होतो न होतो तोच दुसरी लाट आली. एप्रिल २०२१ मध्ये राज्यात एका दिवसाला ६० हजारांहून अधिक रुग्ण नोंदविले गेले. शाळा पुन्हा बंद झाल्या आणि त्या वर्षीची दहावी-बारावीची परीक्षाच झाली नाही. अंतर्गत मूल्यमापनावर दहावीचा निकाल ९९.९५ टक्के लागला. इतका मोठा निकाल आणि इतका थोडा आनंद, असा योग महाराष्ट्राने पूर्वी पाहिला नव्हता.

जुलै २०२१ मध्ये कोरोनामुक्त गावांत आठवी ते बारावीचे वर्ग सुरू झाले. ऑगस्टमध्ये राज्यभर शाळा उघडण्याचा निर्णय जाहीर झाला आणि तज्ज्ञ डॉक्टरांच्या कृतिदलाच्या सल्ल्यावरून काही दिवसांतच स्थगितही झाला. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरांत आठवीपासूनचे वर्ग भरले. पहिलीच्या मुलांना १ डिसेंबरपर्यंत थांबावे लागले. मुंबईत १५ डिसेंबरपर्यंत. त्यानंतर ओमायक्रॉन आला आणि मुंबईतील पहिली ते नववीचे वर्ग ४ जानेवारी २०२२ पासून पुन्हा बंद झाले. २४ जानेवारीपासून टप्प्याटप्प्याने दारे उघडली, ती मात्र कायमची.

या तारखांतून एका मुलाचे चित्र उभे राहते. जून २०२० मध्ये पहिलीत दाखल झालेल्या मुंबईच्या बालकाने वर्गात पहिले पाऊल टाकले, तेव्हा तो दुसरीच्या अर्ध्यावर पोहोचला होता. आणि तीन आठवडे पुरे होण्याआधीच तो पुन्हा घरी परतला. ज्या वयात अक्षर गिरवायचे, शेजाऱ्याच्या डब्यातला घास मागायचा, रांगेत उभे राहायला शिकायचे, ते वय त्याने खिडकीत बसून घालविले.

पालकांचे म्हणणे

या वादात पालक असे म्हणत होते आणि शिक्षक तसे म्हणत होते, असे एका वाक्यात सांगणे अन्यायाचे होईल. पालक एक नव्हते, शिक्षकही एक नव्हते. शहरातील सुस्थित पालकाच्या घरी मुलासाठी स्वतंत्र खोली, संगणक आणि अखंड वीज होती. त्याला घाई नव्हती. आधी लस, मग शाळा, असे त्याचे म्हणणे होते. घरात वृद्ध आईवडील, त्यांना मधुमेह, रक्तदाब. मूल बाहेरून रोग घेऊन आले आणि आजोबांना लागला तर जबाबदार कोण, हा त्याचा प्रश्न होता. संयुक्त कुटुंबात राहणाऱ्या व्यापारी समाजात हा प्रश्न विशेष तीव्र होता. तो भित्रेपणाचा प्रश्न नव्हता. ज्या घराने आठ दिवसांत दोन माणसे गमावली, त्या घराला आकडेवारी सांगून धीर येत नाही.

याच्या उलट, एका खोलीत सहा माणसे राहणाऱ्या कामगाराचे म्हणणे होते की, शाळा उघडा. घरात एक फोन. तो वडील कामावर घेऊन जाणार. तीन भावंडांचे वर्ग एकाच वेळी. मोठ्याचा वर्ग झाला की धाकटीचा बुडणार, आणि बहुधा मुलीचाच बुडणार. रिचार्जचे पैसे संपले की महिन्याचे शिक्षण संपले. आई धुणीभांडी करण्यास बाहेर पडली तर मुले रस्त्यावर. अशा मुलाला घरी ठेवल्याने तो सुरक्षित राहतो, हे त्या पालकास पटणे शक्यच नव्हते. शाळा बंद असताना पोषण आहाराचा शिधा पालकांच्या हाती दिला गेला हे खरे. पण शिजलेले गरम अन्न पंगतीत बसून खाणे आणि घरात आलेला तांदूळ सर्वांत वाटला जाणे, यांत अंतर आहे.

जुलै २०२१ मध्ये राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेने पालकांचे मत अजमावले. सहा लाखांहून अधिक पालकांनी मत नोंदविले आणि त्यांतील ८० टक्क्यांहून अधिकांनी शाळा सुरू करण्याच्या बाजूने कौल दिला. मौन बाळगणाऱ्या पालकाची बाजू किती मोठी होती, हे त्यावरून दिसून आले. तोपर्यंत ऐकू येत होता तो मुख्यतः ज्यांच्याकडे बोलण्याची साधने होती, त्यांचाच आवाज.

शिक्षकांचे म्हणणे

शिक्षकांना घरबसल्या पगार हवा, असा एक सरसकट आक्षेप त्या काळात कानी येई. तो अज्ञानमूलक होता. सरकारी व अनुदानित शाळांतील असंख्य शिक्षक त्या दिवसांत घरी नव्हतेच. सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत घरोघरी जाऊन ताप व प्राणवायूची पातळी मोजणे, तपासणी नाक्यांवर उभे राहणे, विलगीकरण केंद्रांत नोंदी ठेवणे, स्वस्त धान्य दुकानावर रांगा लावणे, अशी कामे त्यांच्याकडे होती. त्यांतील कित्येकांना संसर्ग झाला, काही प्राणासही मुकले. कोविड कर्तव्यावर मृत्यू आलेल्या कर्मचाऱ्यांसाठी राज्याने ५० लाख रुपयांची तरतूद केली होती. परंतु शिक्षकाचा मृत्यू 'कर्तव्यावर' झाला हे सिद्ध करण्यासाठी कागदपत्रांची वाट चालण्याचे दुःख अनेक कुटुंबांच्या वाट्याला आले.

विनाअनुदानित शाळांतील शिक्षकाची व्यथा वेगळी होती. फी येत नाही म्हणून त्याचा पगार अर्धा झाला, कोठे थांबलाच. काहींनी भाजीची गाडी लावली, काहींनी दुकानात हिशेबनिसाचे काम धरले. त्याच्या दृष्टीने शाळेचे दार उघडणे म्हणजे घरातील चूल पेटणे होते. म्हणजे एकाच पेशातील एक जण 'जरा थांबा' म्हणत होता, तर दुसरा 'लवकर उघडा' म्हणत होता, आणि दोघेही खरे बोलत होते.

नोव्हेंबर २०२० मध्ये वर्ग सुरू करण्यापूर्वी प्रत्येक शिक्षकाची तपासणी सक्तीची झाली आणि अनेक ठिकाणी वरकरणी निरोगी दिसणारे शिक्षक बाधित निघाले. त्यामुळे पालक म्हणू लागले, शिक्षकच आजारी, तर मुले पाठवायची कशी? शिक्षक म्हणू लागले, आमची तपासणी झाली, पण वर्गात बसणाऱ्या मुलांची आणि त्यांच्या घरच्यांची कोणी केली? निर्जंतुकीकरण, तापमापक, प्राणवायूमापक, साबण यांचा खर्च कोणी करावा याचेही उत्तर स्पष्ट नव्हते. वयाची साठी जवळ आलेल्या, सहव्याधी असलेल्या शिक्षकाने तीस-चाळीस घरांतून आलेल्या मुलांसमोर उभे राहायचे, आणि लशीच्या रांगेत मात्र त्याला त्याच्या पेशामुळे कोणतेच प्राधान्य नव्हते. जानेवारी २०२१ मध्ये लसीकरण सुरू झाले. पंचेचाळिशीच्या आतील शिक्षकास मे महिन्याची वाट पाहावी लागली. शिक्षकदिनापूर्वी सर्व शिक्षकांना लस मिळावी असा केंद्राचा विशेष प्रयत्न झाला, तोही ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस. ज्याच्याकडून समाजाला सर्वाधिक घाईने काम हवे होते, त्याच्या संरक्षणाची मात्र कोणालाच घाई नव्हती.

संमतिपत्राचा कागद

या वादाचे मूळ एका लहानशा कागदात साठवलेले होते. तो कागद म्हणजे पालकांचे संमतिपत्र. पाल्यास स्वेच्छेने शाळेत पाठवीत असल्याचे पालकाने लिहून द्यावे, असा नियम होता. हेतू चांगला होता, कारण सक्ती नको होती. परंतु कापडाच्या घाऊक व्यापारात बिलाच्या तळाशी एक ओळ छापलेली असते की, माल रवाना झाल्यानंतरची जोखीम खरेदीदाराची. गाठ वाटेत भिजली, हरवली, तर विकणारा मोकळा. पालकांना संमतिपत्र हे त्या ओळीसारखे वाटले. शाळा जोखीम आपल्या माथी मारून मोकळी होत आहे, अशी त्यांची भावना झाली. शिक्षकांना आणि संस्थाचालकांना तोच कागद हे एकमेव कवच वाटत होते. कारण उद्या काही अघटित घडले तर जमावाचा रोष त्यांच्यावर येणार होता.

शाळा ही काही मालाची गाठ नव्हे. व्यापारात जोखीम खरेदीदाराची असली, तरी शहाणा व्यापारी वाटेतला विमा उतरवून ठेवतो. येथे तो विमा कोणी उतरविला नाही. शासन म्हणाले, निर्णय स्थानिक प्रशासनाचा. प्रशासन म्हणाले, शाळा व्यवस्थापनाचा. व्यवस्थापन म्हणाले, पालकांचा. आणि पालकाने सही करावी की नाही, हे ठरविण्याइतकी माहिती त्याच्याजवळ नव्हती. जोखीम उतरंडीवरून घरंगळत सर्वांत खालच्या मडक्यात आली. पालक आणि शिक्षक भांडले ते एकमेकांशी. वस्तुतः दोघांचीही तक्रार एकच होती की, आपली जोखीम वाटून घेण्यास कोणी पुढे येत नाही.

त्यात फीच्या प्रश्नाने तेल ओतले. वर्ग भरत नाहीत तर पूर्ण फी कशाची, असे पालक विचारीत. फी नाही तर शिक्षकांचे वेतन कोठून द्यायचे, असे संस्था विचारीत. राजस्थानातील शाळांच्या प्रकरणी ३ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २०२०-२१ या वर्षाच्या फीमध्ये १५ टक्के सवलतीचा मध्यममार्ग सांगितला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनानेही १५ टक्के कपातीचा आदेश काढला. न्यायालयाला जो मध्य सापडला, तो गावोगावच्या पालक-शिक्षक सभेला का सापडू नये? कारण अनेक ठिकाणी ती सभा भरलीच नाही. जो संवाद समोरासमोर बसून व्हायचा, तो व्हॉट्सॲपच्या गटावर झाला. आणि तेथे मत मांडणे सोपे, मत बदलणे कठीण असते.

कशाचे दार आधी उघडले

समाजाची मूल्ये काय आहेत, हे त्याच्या भाषणांवरून नव्हे, तर त्याने कोणते दार कोणत्या क्रमाने उघडले यावरून कळते. मे २०२० मध्ये मद्याची दुकाने उघडली. त्याच वर्षीच्या पर्युषण पर्वात मुंबईतील तीन जैन मंदिरांत दर्शनासाठी परवानगी मिळावी म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. न्यायालयाने शेवटच्या दोन दिवसांपुरती, एका वेळी पाच भाविक अशा अटीवर ती दिली. त्या अटींचे पालन करून समाजाने दाखवून दिले की, पूर्ण बंद आणि पूर्ण उघडे यांच्या मधेही एक संयमाची वाट असते. १६ नोव्हेंबर २०२० रोजी दिवाळी पाडव्याला राज्यातील प्रार्थनास्थळे उघडली, त्यानंतर आठवड्याने नववी ते बारावीचे वर्ग. दुसऱ्या वर्षी चित्रपटगृहे २२ ऑक्टोबर २०२१ ला उघडली, आणि पहिली-दुसरीची बालके १ डिसेंबरला वर्गात आली.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रमुखांनी जुलै २०२१ मध्येच सुचविले होते की, लहान मुले हा विषाणू तुलनेने चांगल्या प्रकारे झेलतात, म्हणून शाळा उघडताना प्राथमिक वर्गांचा विचार आधी व्हावा. आपल्याकडे क्रम उलटा लागला. मोठ्यांची परीक्षा असते, लहानांची नसते. म्हणून मोठे आधी. परीक्षेला महत्त्व, पायाला नाही. याबाबत पालक, शिक्षक आणि शासन या तिघांचेही एकमत होते, ही त्या वादातील सर्वांत खेदाची गोष्ट म्हणावी लागेल.

शंभर वर्षांपूर्वीची साक्ष

हा पेच प्रथमच उद्भवला असेही नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. त्या साथीत अमेरिकेतील बहुतेक शहरांनी शाळा बंद केल्या. न्यूयॉर्क आणि शिकागो या महानगरांनी मात्र त्या चालू ठेवल्या. त्यांचा युक्तिवाद असा होता की, गरीब मुलांची घरे कोंदट आणि दाटीची आहेत. त्यापेक्षा हवेशीर वर्ग, रोज तपासणी करणारे डॉक्टर आणि परिचारिका असलेली शाळा त्यांना अधिक सुरक्षित आहे. हा युक्तिवाद त्यांना करता आला, कारण साथ येण्याच्या कित्येक वर्षे आधी त्यांनी शालेय आरोग्यसेवा उभी केली होती. संकटातील निर्णय संकटात होत नाही. तो आधीच्या शांततेच्या काळात झालेला असतो.

त्याच साथीनंतरच्या वर्षी, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या दिवशी सातारा जिल्ह्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेचा आरंभ झाला. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म कुंभोज येथील जैन कुटुंबातील. साथीने आणि महागाईने गांजलेल्या ग्रामीण महाराष्ट्रात त्यांनी वसतिगृहे काढली आणि सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसविले. १०२ वर्षांनी, बरोबर ४ ऑक्टोबरलाच, राज्यातील शाळांची दारे पुन्हा उघडली. हा केवळ योगायोग. पण संकटानंतर शाळेपासूनच पुन्हा सुरुवात करावी लागते, हे कर्मवीरांच्या उदाहरणाने आधीच शिकविले होते.

अनेकांताची दृष्टी

जैन दर्शनाने जगाला दिलेल्या अनेकांतवादाचा गौरव व्यासपीठावरून नेहमी होतो. परंतु तो तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात ठेवण्याचा विषय नसून पालक-शिक्षक सभेत वापरण्याचे साधन आहे. वस्तू अनंतधर्मात्मक असते. पाहणारा ज्या नयाने पाहतो, त्या नयाने त्याचे म्हणणे सत्य असते, पण ते पूर्ण सत्य नसते. मुलाच्या फुप्फुसाची काळजी करणारी आई सत्य बोलत होती. मुलाच्या अक्षरओळखीची काळजी करणारा मजूर सत्य बोलत होता. आपल्या वृद्ध मातेकडे संध्याकाळी परत जाणारा शिक्षक सत्य बोलत होता. चूक झाली ती एवढीच की, प्रत्येकाने आपल्या विधानामागचा 'स्यात्', म्हणजे 'एका अपेक्षेने', हा शब्द गाळला.

श्रावकाला चार दाने सांगितली आहेत : आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. महामारीत पहिल्या दोन दानांत समाज कोठेही कमी पडला नाही. अन्नछत्रे चालली, प्राणवायूची यंत्रे आणली गेली, धर्मशाळा आणि भवने विलगीकरणासाठी खुली झाली. पण तिसरे आणि चौथे दान एकमेकांच्या आड उभे राहिले. ज्ञान द्यावे तर अभय जाते, अभय द्यावे तर ज्ञान थांबते, असा तो पेच होता. पालक आणि शिक्षक यांच्यातील वाद हा खरे पाहता दोन पुण्यकर्मांतील वाद होता, आणि म्हणूनच तो इतका कठीण होता. चांगले आणि वाईट यांतून निवडणे सोपे असते. दोन चांगल्यांतून निवड करताना माणूस गोंधळतो आणि गोंधळलेला माणूस समोरच्याला दोषी ठरवतो.

हा पेच ज्यांनी सोडविला, त्यांनी वाद घातला नाही, वाट काढली. सोलापूरच्या नीलमनगर या कामगारवस्तीत आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी घरांच्या बाहेरील भिंतींवर धडे रंगवून घेतले. मुले अंतर राखून, मोकळ्या हवेत, भिंत वाचत शिकू लागली. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली आणि फोन नसलेल्या घरातही पाठ पोहोचला. कित्येक गावांत शिक्षकांनी झाडाखाली, ओट्यावर, देवळाच्या पडवीत पाच-पाच मुलांचे गट बसविले. त्यांना कोणी आदेश दिला नव्हता. तेथे ज्ञान आणि अभय दोन्ही एकत्र नांदले.

ज्याची भरपाई बाकी आहे

आता हिशेबाच्या पानाकडे वळणे भाग आहे. 'असर' या ग्रामीण सर्वेक्षणानुसार देशात इयत्ता तिसरीतील, दुसरीचा उतारा वाचू शकणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते. २०२२ मध्ये ते २०.५ टक्क्यांवर घसरले. २०२४ मध्ये ते पुन्हा २७.१ टक्क्यांवर आले. हा आकडा वाचून अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु जमाखर्चाची सवय असलेल्या माणसाने एक गोष्ट नजरेआड करू नये. २०२४ मध्ये तिसरीत असलेली मुले वेगळी होती. त्यांची पहिली शाळा उघडल्यानंतर झाली. २०२२ मध्ये जी मुले तिसरीत होती, तीच २०२० मध्ये पहिलीत दाखल झाली होती. सरासरी सावरली, म्हणून ती तुकडी सावरलीच असे होत नाही. एका खात्यातील तूट दुसऱ्या खात्यात जमा दाखवून वही जुळते, पण ज्याचे पैसे बुडाले त्याला ते मिळालेले नसतात.

ही मुले नियमित क्रमाने २०३० साली दहावीच्या परीक्षेस बसतील. त्यांतील कोणाला वाचताना अडखळायला होते, कोणाला भागाकार येत नाही, कोण मुलगी त्या दोन वर्षांत घरकामाला लागली ती परत आलीच नाही, याची चौकशी होणे गरजेचे आहे. महामारीत आई-वडील दोघेही गमावलेल्या मुलांच्या नावे शासनाने ५ लाख रुपयांची ठेव ठेवली. ठेवीवर व्याज मिळते. पाठीवर हात मिळत नाही. तो समाजाने ठेवायचा असतो.

पुढील काळासाठी काही सूचना

शिक्षणकार्य करणाऱ्या प्रत्येक न्यासाने विचारात घ्याव्यात अशा काही सूचना येथे नम्रपणे मांडणे उचित होईल.

पहिली सूचना, पालक-शिक्षक संघ कागदावर न राहता त्याच्या सभा शांततेच्या काळात नियमित भराव्यात. ज्यांची ओळख संकटात प्रथम होते, ते एकमेकांवर संशय घेतात. सभेत वस्तीतील, चाळीतील, कामगार वर्गातील पालकास बोलण्याची संधी आवर्जून द्यावी, आणि सभेची वेळ त्याच्या सुट्टीची असावी.

दुसरी, प्रत्येक शाळेचा संकटकाळाचा आराखडा लेखी असावा. कोणत्या परिस्थितीत शाळा बंद होईल, कोणते वर्ग आधी उघडतील, निर्णयाचा फेरविचार किती दिवसांनी होईल, हे आधी ठरलेले असावे. बंद करण्याच्या प्रत्येक निर्णयासोबत फेरविचाराची तारीख लिहिलेली असावी. तारीख नसलेली हुंडी वटत नाही. आणि या क्रमात लहान मुले शेवटी नसावीत.

तिसरी, शिक्षक व शिक्षकेतर कर्मचारी यांच्यासाठी न्यासाने आरोग्यविमा आणि आपत्कालीन निधी उभारावा. यात शिपाई, मावशी आणि स्कूल बसचा चालकही यावा. ज्याला स्वतः अभय मिळालेले नाही, त्याच्याकडून निर्भयपणे ज्ञानदानाची अपेक्षा करणे हे न्यायाचे नाही.

चौथी, हवा आणि उजेड. नवीन इमारतीचे दर्शनी तोंड संगमरवरी असले नसले तरी चालेल. प्रत्येक वर्गाला समोरासमोर खिडक्या असाव्यात. देणगीदाराचे नाव खिडकीवरही लावता येते.

पाचवी आणि सर्वांत निकडीची सूचना अशी की, २०२० आणि २०२१ मध्ये पहिली-दुसरीत असलेल्या मुलांची प्रत्येक शाळेने स्वतंत्र यादी करावी आणि ज्यांचे वाचन, लेखन, गणित कच्चे आहे, त्यांच्यासाठी दहावीपर्यंत रोज एक तासाचा वर्ग चालवावा. यासाठी निवृत्त शिक्षक, महाविद्यालयीन विद्यार्थी आणि समाजातील सुशिक्षित भगिनी यांची मदत सहज मिळू शकेल. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने एखादी कमान उभारण्यापेक्षा हा एक तास अधिक काळ टिकेल.

समारोप

दरवर्षी पर्युषणानंतर क्षमापना होते. व्यापारी व्यापाऱ्याची, भाऊ भावाची क्षमा मागतो. त्या दोन वर्षांत पालकांनी शिक्षकांना आळशी म्हटले, शिक्षकांनी पालकांना बेजबाबदार म्हटले, दोघांनी संस्थांना लोभी म्हटले. यांपैकी कित्येक शब्द आजही मनात सलत असतील. शाळेच्या एखाद्या सभेत पालक आणि शिक्षक यांनी समोरासमोर उभे राहून त्याबद्दल परस्परांची क्षमा मागितली, तर तो त्या शाळेच्या इतिहासातील एक मोठा दिवस ठरेल.

मात्र एका घटकाची क्षमा दोघांनी मिळून मागावी लागेल. त्या सर्व वादात ज्याचे मत कोणीच विचारले नाही, जो खिडकीत बसून रस्ता पाहत राहिला, त्या बालकाची. त्याची क्षमा शब्दांनी मागता येणार नाही. त्याच्या बुडालेल्या दोन वर्षांचे देणे आहे ते फेडावे लागेल, आणि ते फेडण्यास २०३० पर्यंतचीच मुदत आहे.

न्यासाच्या पुढील वाटचालीस ज्ञान आणि अभय या दोन्ही दानांचे बळ लाभो, ही सदिच्छा.

जय जिनेंद्र.